बिनकामाचं चालणं

थंडी पडली की पेपरवाल्यांना निसर्ग आठवतो. रविवारच्या पुरवणीत धुकं छापून येतं, पाठीवर रंगीत सॅका लावलेली पोरं छापून येतात. आपल्या वस्तीचं पोरगं त्या फोटोत नसतं. असलंच तर सॅका वाहणारा म्हणून.

परवा तुर्भ्यातले आम्ही सात जण कर्जतच्या कोंडाणे लेण्यांपर्यंत पायी हिंडून आलो. दोघं मार्केटात हमाल, तिघं कंपन्यांत ठेक्यावर, एक बेकार, मी बंदरात. चळवळीतलाच एक दोस्त भडकला. म्हणाला, "मोर्चाला तुमची पाळी आडवी येते आन् डोंगर हिंडायला बरी सुट्टी घावते? ही सगळी पांढरपेशी थेरं." त्याला दिलेलं उत्तर इथं लिहितो, कारण असं म्हणणारा तो एकटा नाही.

दोस्ता, आपला समाज चालतच आलाय. पणज्याचं चालणं वेठीचं. सरकारी टपाल पोचवायचं, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, मयताचा सांगावा घेऊन रात्रीबेरात्री दुसरं गाव गाठायचं. १९५८ च्या कायद्यानं महारकी गेली, वणवण गेली नाही. १९७२ च्या दुष्काळात आजा खडी फोडायला चालत गेला, आणि तिथून मुंबईला. १९७९ चा नामांतराचा लाँग मार्च अभिमानाचा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडं चालणं काळजातलं. पण हिशेब मांड. एक तर कुणी हाकललं म्हणून चाललो, नाही तर हक्क मागायला चाललो. उगीच, हौसेनं, कुणाला कारण न सांगता चालणं आपल्या वाट्याला कधी आलं?

आणि हे थेर असेल तर बाबासाहेबांनीही केलंय. १९३४ साली सहकाऱ्यांना सहलीची इच्छा झाली. तीसेक माणसं बसनं वेरूळची लेणी बघायला निघाली. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीनं माखलेली तोंडं हौदाच्या पाण्यानं धुतली. रमजानचा महिना होता, त्या साली तो थंडीतच पडला होता. मागनं एक म्हातारा ओरडत आला, धेडांनी हौद बाटवला! किल्ला बघायला मिळाला, पण पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षं झाली होती. म्हणजे आपल्या माणसानं साधी सहल काढली तरी तिचा सत्याग्रह होतो. आपण नको म्हटलं तरी होतो.

खोटं वाटतंय? मागच्या थंडीत एका गावात प्यायला पाणी मागितलं. बाईनं तांब्या आणला. म्हाताऱ्यानं विचारलं, आडनाव काय? आमच्यातल्या एकानं खणखणीत सांगितलं. तांब्या हातात आलाच नाही, पाणी वरनं ओंजळीत आलं. हे गेल्या वर्षीचं सांगतोय, पेशवाईतलं नाही.

म्हणूनच आपल्या डोळ्यांनी मुलूख बघायला पाहिजे. पुरवणीवाल्याला कोंदिवड्याच्या रस्त्यावर धुकं दिसतं. आम्हालाही दिसलं, उल्हास नदीवर दाट पसरलेलं, झकास. पण त्याच रस्त्याला फार्महाऊसच्या भिंती दिसल्या. भात कापलेल्या रानात वाल दिसला आणि तो खुडणाऱ्या बायांचे फुटलेले हात दिसले. कातकऱ्यांच्या वाडीत निम्मी दारं बांधलेली दिसली. दिवाळी झाली की माणसं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. धुक्याच्या फोटोत ही बांधलेली दारं कशी येतील?

कोंडाण्याचा चैत्य दोन हजार वर्षांमागचा. पुढचे खांब ढासळलेत. मोडक्या मूर्तीशेजारी ब्राह्मी अक्षरं आहेत: कान्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं. त्या ओळीत राजाचं नाव नाही, करणाऱ्याचं आहे. मी बंदरात जहाजावर चढून कंटेनर बांधतो, लोखंडी दांड्यांनी खांदे सोलतात. कुठल्या कंटेनरवर माझं नाव? ठेकेदाराच्या वहीत मी एक आकडा. त्या दगडापुढं मी बराच वेळ उभा राहिलो. पाया पडायला नाही, हेवा वाटला म्हणून.

कुणी म्हणेल, डोंगर तर तुर्भ्यातही आहे. आहे की! खाणींनी सोललेला. खाली कचऱ्याचं डंपिंग. खाडीत थंडीला फ्लेमिंगो उतरतात, त्यांच्यासाठी २०१५ ला अभयारण्य झालं. पाखरांशी आपलं वैर नाही. पण पाखराला कुणी कागद विचारत नाही आणि झोपडीला रोज विचारतात, हे ध्यानात ठेवा.

तेव्हा दोस्तांनो, रविवार काढा. भाकरी, कांदा, सुकटीची चटणी बांधा. आयाबहिणींनाही घ्या, त्यांचं चालणं अजून नळापासून घरापर्यंतच आहे. वाटेत पाणी मागा. आडनाव विचारलं तर मोठ्यानं सांगा, आणि तांब्या हातात घेतल्याशिवाय पिऊ नका. मोर्चा सोमवारी आहेच.