हवा किती टाकू?

पेट्रोल पंपावरचा मुलगा हातात नळी घेऊन विचारतो, 'किती टाकू?' आणि आपण, म्हणजे वक्तृत्व मंडळापासून कँटीनपर्यंत प्रत्येक विषयावर ठाम मत असणारे आपण, बेफिकिरीने म्हणतो, 'टाक की तीस-पस्तीस!' पुढच्या चाकाला तेवढीच, मागच्यालाही तेवढीच. मीही असेच म्हणत होतो.

गेल्या सप्टेंबरात मी आणि माझा मित्र कासची फुले पाहून यवतेश्वरच्या घाटाने साताऱ्यास परतत होतो. आदल्या दिवशी एका दुकानात दोन्ही चाकांत ४० पौंड हवा भरून घेतली होती. 'घट्ट हवा, चांगले ॲव्हरेज' हे तत्त्वज्ञान! ओल्या वळणावर ब्रेक दाबला आणि पुढचे चाक सटकले. मला खरचटण्यावर निभावले. मित्राचे उजवे मनगट मोडले. सत्र परीक्षा त्याने लेखनिक घेऊन दिली. सारा दोष हवेचा होता असे मी म्हणणार नाही. वेगही होता, रस्त्यावर मातीही होती. पण गाडीची पुस्तिका मी प्रथम उघडली ती त्यानंतर, हे खरे. तिच्यात पुढच्या चाकाला २५ पौंड लिहिले होते, मागच्याला एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३२.

दुकानदाराने टायरच्या कडेवर कोरलेल्या आकड्याकडे बोट दाखवले होते. तो आकडा टायरची कमाल मर्यादा सांगतो. गाडीला किती हवा हवी ते गाडीचा कारखाना ठरवतो. टायरचा जेवढा भाग रस्त्याला टेकतो, तेवढीच आपली पकड. हवा फार घट्ट झाली की तो भाग आकसतो, चाक खड्ड्यांवरून उडते आणि टायर मधोमध झिजतो. म्हणून पावसाळ्यात मुद्दाम कमी ठेवावी काय? तेही नाही. सैल टायर पाणी नीट बाजूला सारत नाही. त्याच्या भिंती सतत दुमडतात, आत उष्णता साठते. त्यात मागे कोणी बसलेले असले तर धोका अधिकच. उन्हाळ्यात हवा काढणारेही हीच चूक करतात.

आणखी एक मेख आहे. हे आकडे थंड टायरचे असतात, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यानंतरचे. चालून टायर तापला की आतला दाब दोन-चार पौंडांनी सहज चढतो. पाच-सहा किलोमीटर गाडी पिटाळत पंपावर जाऊन मोजलेली हवा म्हणूनच खरी नव्हे. तेथे 'जास्त आहे' म्हणून ती काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर उपाशी!

आता आमचे म्हणणे. आपल्या गाड्या सकाळी सातपासून दुपारपर्यंत महाविद्यालयाच्या शेडखाली, सावलीत उभ्या असतात. टायर थंड असण्याची याहून चांगली जागा आणि वेळ कोणती? विद्यार्थी मंडळाने स्टँडवरच्या मामांकडे हवा मोजायचा एक काटा आणि एक पायपंप ठेवावा. स्नेहसंमेलनाच्या एका कमानीच्या खर्चात दोन्ही येतील. 'कला शाखेच्या मुलांना यंत्रातले काय कळते' असे म्हणणाऱ्या प्राध्यापक महाशयांच्या स्कूटरची हवाही आम्ही आनंदाने पाहून देऊ.

मित्राचे मनगट आता बरे आहे. मागे बसण्यापूर्वी तो मला विचारतो, 'अठ्ठावीस की बत्तीस?' उत्तर मिळेपर्यंत बसत नाही.