विश्लेषण : उद्याची खो-खोपटू आज कशी ओळखायची? धाराशिवच्या गुणपत्रिकांत दडलेली क्रमवारी

खो-खोचा जिल्हास्तरीय सामना संपतो, निकाल जाहीर होतो आणि गुणलेखकाच्या टेबलावरचा कागद फाइलमध्ये जातो. कोणती मुलगी किती सेकंद पळाली, तिला कोणी टिपले, सूर मारून की खांबावर, हे सगळे त्या कागदावर असते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत त्यातल्या तीन-चार खेळाडूंची कामगिरी छापून येते. बाकीच्यांची नोंद तिथेच थांबते. पुढे निवड चाचणीत ‘ही पोरगी चांगली आहे’ असे म्हणण्यासाठी कोणाची तरी आठवण लागते. ज्याची आठवण, त्याची निवड.

भारतीय महिला संघाला कर्णधार देणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न किरकोळ नाही. चौदाव्या वर्षी मैदानावर असलेल्या मुलींपैकी अठराव्या वर्षी कोण खेळत असेल, याचा अंदाज बांधण्याची काही पद्धत असू शकते का? जगात अशी पद्धत कुठे आहे आणि ती इथे कितपत चालेल?

धाराशिवचाच विचार का?

सारिका काळे हे त्याचे पहिले उत्तर. तेव्हाच्या उस्मानाबादची ही खेळाडू तेराव्या वर्षी खो-खोकडे वळली. घरची परिस्थिती अशी की कित्येक वर्षे एका वेळच्या जेवणावर भागवावे लागले, हे तिने नंतर स्वतःच सांगितले आहे. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी घरच्या अडचणींमुळे तिने खेळ सोडण्याचे जवळपास नक्की केले होते. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढल्यावर ती मैदानावर परतली. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. खो-खोला हा पुरस्कार २२ वर्षांनी मिळाला. तोवर ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून रुजू झाली होती.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती आणि कर्णधार प्रियांका इंगळे मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली. नीती आयोगाने २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांत ज्याची गणना केली, त्या जिल्ह्याच्या पदरात हे यश आहे. यामागे एखादी लिहून ठेवलेली यंत्रणा आहे, असे मात्र म्हणता येत नाही. काही प्रशिक्षक, काही शाळा आणि संध्याकाळचे मैदान, एवढाच हा कारखाना.

बेसबॉलवाले हे कसे करतात?

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये वरच्या पातळीवर ३० संघ आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवरचे चार कनिष्ठ संघ असतात, म्हणजे एकूण १२०. या खालच्या साखळीला ते ‘फार्म’ म्हणतात. बी पेरायचे, रोप वाढवायचे आणि तयार झाले की वर न्यायचे. सेंट लुइस कार्डिनल्स संघाच्या ब्रँच रिकी यांनी शंभर वर्षांपूर्वी ही पद्धत रुजवली. तयार खेळाडू विकत घेण्याइतके पैसे त्या संघाकडे नव्हते, म्हणून घरीच खेळाडू तयार करायचे ठरले.

या कनिष्ठ खेळाडूंची दरवर्षी क्रमवारी लागते. पारखी मंडळी मैदानोमैदानी फिरतात आणि फटक्यातले सातत्य, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण व फेक अशा प्रत्येक कौशल्याला २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे वरच्या लीगमधला सरासरी खेळाडू. यातली खरी मेख अशी की प्रत्येक कौशल्यापुढे दोन आकडे असतात. एक आजचा, दुसरा पुढे होऊ शकेल असा. सतरा वर्षांच्या पोराचा आजचा आकडा ३० आणि उद्याचा ६० असू शकतो. आपल्याकडच्या निवड चाचणीत हा दुसरा आकडा कुणी लिहीत नाही. पारख्याच्या मनात तो असतो, पण कागदावर नसल्यामुळे तो चुकला की बरोबर आला हे कधीच तपासता येत नाही.

तपासले तर काय दिसते, याची उदाहरणे बेसबॉलमध्येच आहेत. १९९१ च्या निवड प्रक्रियेत ब्रायन टेलर हा गोलंदाज पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. पुढच्या वर्षी देशातला सर्वोत्तम होतकरू म्हणून त्याची गणना झाली. १९९३ मध्ये खांदा दुखावला आणि वरच्या लीगमध्ये तो एकही सामना खेळू शकला नाही. उलट माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर घेतला गेला आणि २०१६ मध्ये त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. एवढा पैसा आणि एवढी माणसे लावूनही अंदाज चुकतात. तरीही ते याद्या करत राहतात, कारण चूक लिहिलेली असली तरच पुढच्या वर्षी सुधारता येते.

खो-खोत नेमके काय मोजायचे?

संरक्षण करणाऱ्या खेळाडूच्या नावापुढे तिने काढलेला वेळ असतो. हा आकडा सरळ वाटतो, पण फसवा आहे. पारंपरिक खो-खोत कुमार गटापासून वर एक डाव नऊ मिनिटांचा, किशोर गटात सात मिनिटांचा. संरक्षक तिघी-तिघींच्या तुकडीने उतरतात. पहिल्या तुकडीपुढे अख्खा डाव पडलेला असतो. तिसऱ्या तुकडीच्या वाट्याला उरलेला वेळ येतो आणि शिट्टी वाजली की तिचे पळणे संपते.

समजा, पहिल्या तुकडीतली एक मुलगी तीन डावांत १.४०, २.१० आणि १.५० मिनिटे पळाली आणि तिन्ही वेळा बाद झाली. तिसऱ्या तुकडीतली दुसरी १.२० आणि ०.५० मिनिटे नाबाद राहिली, तिसऱ्या डावात १.३० ला बाद झाली. पहिलीचा एकूण वेळ ५.४० मिनिटे, दुसरीचा ३.४०. बातमीत पहिलीच झळकणार. क्रिकेटच्या फलंदाजीसारखे एकूण वेळेला बाद होण्याच्या संख्येने भागले, तर पहिलीची सरासरी १.५३ आणि दुसरीची ३.४० मिनिटे येते. क्रम उलटला.

एकदाच बाद झालेल्या मुलीच्या सरासरीवर विश्वास ठेवणे हाही वेडेपणाच. दहा-पंधरा डावांची नोंद जमली की चित्र स्थिर व्हायला लागते. मुद्दा एवढाच, की या नोंदीसाठी लागणारा प्रत्येक आकडा गुणपत्रिकेवर आधीच लिहिलेला आहे. नवे यंत्र लागत नाही, फक्त कागद फाइलमध्ये जाण्याआधी मोबाइलने त्याचा फोटो घेऊन ते आकडे एका तक्त्यात भरावे लागतात.

दुसरी दुरुस्ती प्रतिस्पर्ध्याची. नवख्या शाळेच्या संघापुढे चार मिनिटे पळणे आणि राज्य स्पर्धेत पुणे किंवा ठाण्यापुढे दीड मिनिट पळणे यांत दुसरे अवघड असू शकते. समोरच्या संघाने इतरांना सरासरी किती वेळात बाद केले, ते पाहून हा फरक ढोबळपणे तरी काढता येतो.

आक्रमणाचे कोडे अधिक कठीण आहे. गडी टिपणाऱ्या मुलीच्या नावावर गुण चढतो. पण त्याआधी योग्य क्षणी खो देऊन धावणारीला कोपऱ्यात आणणाऱ्या दोघी-तिघींची नोंद कुठेच होत नाही. बसलेल्या जागेवरून उठण्याचा वेग, खो मिळताच दिशा ओळखणे, खांबाजवळचा अंदाज, हे पाहूनच लिहावे लागते. इथे पारख्याचा डोळा लागतोच आणि २० ते ८० सारखी एखादी पट्टी त्या डोळ्याला शिस्त लावू शकते.

सरकारी चाचण्यांतून हे कळत नाही का?

काही प्रमाणात कळते. क्रीडाप्रबोधिनीच्या निवडीसाठी ८ ते १४ वयोगटातल्या मुलांच्या नऊ चाचण्या घेतल्या जातात. त्यात उंची, वजन, ३० मीटर धाव, शटल रन, उभ्या जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धाव अशा गोष्टी असतात. शरीर मोजायला त्या चांगल्या आहेत. पण हुलकावणी देऊन आक्रमकाचा तोल घालवणारी मुलगी त्यात सापडत नाही. खो-खोत लहान चणीच्या मुली पुष्कळदा भारी पडतात आणि उंचीला गुण देणारी चाचणी त्यांच्यावर अन्यायच करते.

वयाचेही गणित आहे. १४ वर्षांखालील गटात जेमतेम वयात बसणारी मुलगी आणि तिच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी लहान असलेली मुलगी एकाच रांगेत उभ्या राहतात. त्या वयात दहा महिन्यांत शरीर बरेच बदलते. थोरलीची निवड होते, तिला सराव मिळतो, ती आणखी पुढे जाते. धाकटी बाहेर राहते आणि तिच्यात गुण नव्हतेच असा समज होतो. जन्मतारखेच्या रकान्यात वर्षासोबत महिना पाहिला, तर ही चूक बऱ्याच अंशी टळेल. अर्थात ती जन्मतारीख खरी असली पाहिजे.

लीग आल्याने फरक पडला का?

पुरुषांसाठी पडला. २०२२ मध्ये पुण्यात ‘अल्टिमेट खो-खो’चा पहिला हंगाम सहा संघांत झाला. त्याआधी खेळाडूंची चार गटांत वर्गवारी करून संघांनी निवड केली. मानधन गटानुसार ठरले. खो-खोपटूची उघड, पैशांत मोजलेली क्रमवारी देशात पहिल्यांदाच एवढ्या ठळकपणे लागली. मॅटवर खेळ, सात मिनिटांच्या पाळ्या, वजीर, सूर मारून टिपल्यास जादा गुण, अडीच-तीन मिनिटे तग धरणाऱ्या तुकडीला ‘ड्रीम रन’चे गुण, असे बदल आले. त्यामुळे कोणत्या कौशल्याला किती किंमत, हेही बदलले. मुरमाच्या मैदानावर सूर मारायला बिचकणारा खेळाडू मॅटवर वेगळाच दिसतो.

पण लीगचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच होते. धाराशिवची ओळख ज्या मुलींमुळे झाली, त्यांच्यासाठी अशी बोली किंवा वर्गवारी तेव्हा नव्हती. त्यांची किंमत ठरते ती पदकावरून आणि प्रमाणपत्रावरून. राज्य सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के समांतर आरक्षण आणि दहावी-बारावीचे सवलतीचे गुण त्याच कागदांवर अवलंबून. पदक मात्र संघाला मिळते. बलाढ्य संघात राखीव बसलेलीला ते मिळते आणि कमकुवत जिल्ह्याकडून जीव तोडून पळालेलीला मिळत नाही. त्यातच बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्याने पाहिली आहेत. सामन्यागणिक नोंद असेल तर खेळाडू खरोखर खेळली की नाही, हे पडताळणे सोपे जाईल. हा फायदा क्रमवारीपेक्षाही मोठा ठरू शकतो.

यादी केली, पुढे काय?

बेसबॉलची नक्कल इथे अडते. तिथल्या यादीतल्या मुलाशी संघाने करार केलेला असतो. त्याच्या राहण्या-खाण्याचा, उपचारांचा भार संघावर असतो. म्हणजे आधी गुंतवणूक, मग क्रमवारी. इथे यादीत दहावी आलेल्या मुलीला यादीने काहीच मिळणार नसेल, तर ती यादी म्हणजे आणखी एक परीक्षा.

कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. शालेय स्पर्धांचे विभाग आणि राज्य पातळीवरचे सामने त्याच सुमारास येतात. सप्टेंबरात यादीत असलेले नाव डिसेंबरात कारखान्याच्या तळावर असू शकते. त्या मुलीचा ‘उद्याचा आकडा’ कितीही मोठा असला तरी तिला गावात थांबायला जागा, दोन वेळचे जेवण आणि घरच्यांना भरवसा लागतो. चौदा ते अठरा या वयातच लग्नाची बोलणीही सुरू होतात. सारिका काळेला २०१६ मध्ये मैदानावर परत आणणारा आकडा नव्हता, घरापर्यंत जाणारा प्रशिक्षक होता. तेव्हा ती भारताची कर्णधार होती. जिल्हा पातळीवरच्या मुलीच्या घरी कोण जाणार?

त्यामुळे धाराशिवमध्ये अशी नोंद सुरू करायची असेल तर तिचा पहिला उपयोग ‘अव्वल वीस’ छापण्याचा नसावा. अठरा वर्षांखालच्या मुलींची नावे क्रमाने जाहीर करणे तसेही योग्य नाही. विसाव्या आलेल्या मुलीच्या घरी त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा लावला जाईल. नोंद प्रशिक्षकाकडे, शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडे आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे राहावी. मुलीला तिचे स्वतःचे पान दिसावे. सलग दोन स्पर्धांत एखादे नाव गळले, तर ते का गळले याची विचारपूस व्हावी. वसतिगृहाची एखादी खाट किंवा प्रवासखर्च कोणाला द्यायचा, हे ठरवताना ते पान उघडले जावे.

आठ तालुक्यांच्या शालेय सामन्यांचा पुढचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होईल. गुणपत्रिकांचे फोटो काढायला प्रत्येक मैदानावर एक मोबाइल पुरेल. आकडे भरायला खो-खो समजणारा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी. आणि ज्या मुली वर्षभर तिसऱ्याच तुकडीत उतरल्या, त्यांची नावे वेगळी काढून प्रत्येकीला निदान एका सामन्यात पहिल्या तुकडीत पळवून पाहायचे, म्हणजे शिट्टी तिला वाचवते की तिचे पाय, ते कळेल.