ईदीच्या पैशांतली पहिली आगगाडी

ईद जवळ आली की शाळेच्या फाटकाशी एक प्रश्न दरवर्षी येतो. "आपा, पोट्ट्याला ती चालणारी रेल्वे घेऊन द्यायची म्हणतो. कोणती घेऊ?" उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बाईला हे का विचारतात, ठाऊक नाही. बहुधा लहान पोरांचे सगळेच आम्हाला कळते असा समज असावा. पण विचारतात, तर उत्तर द्यायलाच हवे.

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन गाड्या असतात. एक मोबाईलवर काढून दाखवतात. रुळांत वीज खेळणारी, हुबेहूब इंजिनाची, दहा हजारांच्या पुढची. ही मुंबईचा मामू किंवा दुबईचा चाचा पाठवणार असतो. दुसरी ईदच्या बाजारात हातगाडीवर शे-दीडशेला मिळते. तिचा रूळ म्हणजे अखंड गोल ताटली, गाडी त्यातच फिरते. तीन ते सात वर्षांच्या मुलासाठी मला दोन्ही नकोत. पहिली फार महाग म्हणून नको आणि दुसरी फार स्वस्त म्हणून नको, असे बाप समजतो. तसे नाही. दोन्हींत मुलाला करायला काही उरत नाही, हे माझे कारण आहे.

आधी महागडीचे बघू. जगात सर्वांत जास्त खपणारे हे मॉडेल 'एचओ' मापाचे असते, म्हणजे खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. भिंतीतली 230 व्होल्टची वीज अडॅप्टरमधून 12 व्होल्टच्या आसपास उतरते आणि रुळांत जाते. एक रूळ धन, दुसरा ऋण. इंजिनाची धातूची चाके ती वीज उचलून मोटारीला देतात. यंत्र म्हणून फार सुंदर कल्पना आहे, मोठ्या वयात जरूर शिकावी. पण चाकाची कड एक मिलिमीटरहूनही बारीक. इंजिनाची सगळी चाके एकाच वेळी रुळावर बसवणे पाच वर्षांच्या बोटांना जमत नाही. मग बाप बसवतो. गाडी घसरली की पुन्हा बाप. तिसऱ्या दिवशी "तू हात नको लावू, मी दाखवतो" सुरू होते आणि पोर पलंगावर बसून बापाची गाडी बघते. बनवणाऱ्यांनाही हे माहीत आहे. जर्मनीची मार्कलिन कंपनी तीन वर्षांच्या मुलांसाठी बॅटरीवर चालणारी वेगळी मालिका काढते. अमेरिकेतली बाकमन आपल्या एचओ संचांवर 14 वर्षे वय छापते. खोक्यावरचा हा आकडा कोणी वाचत नाही, किंमत मात्र सगळे वाचतात.

त्यात आपली हवा. यवतमाळचा उन्हाळा, दारातून येणारी माती, आणि शेजारी जिनिंग असेल तर कापसाचे तंतू. रुळावर धूळ आणि काळपट थर बसला की वीज चाकापर्यंत पोचत नाही, गाडी अडखळते, थांबते. कापडाला स्पिरिट लावून रूळ पुसत राहावे लागतात. शिवाय लाईन गेली की खेळ बंद. खेड्यातल्या घराचे वेगळे सांगायला नको.

हातगाडीवरच्या ताटलीत याच्या उलट. तिथे बिघडण्यासारखे काही नाही, कारण घडण्यासारखेच काही नाही. बटण दाबले, गाडी फिरली, गाणे वाजले. पोर दहा मिनिटे बघते, मग भोवऱ्याकडे जाते. भोवरा बरा, त्याला दोरी गुंडाळावी लागते. सूरही अंगावर येणारा आणि बंद करायची सोय नाही.

मग घ्यायची कोणती? जिचे सेल इंजिनाच्या पोटात आहेत, रूळ नुसते प्लास्टिकचे किंवा लाकडाचे आहेत, आणि ते रूळ सुटे होतात, ती. मुख्य गोष्ट सुटे रूळ. वाकडे आठ, सरळ चार एवढे तुकडे असले तरी पोर त्यातून गोल करते, लांबोडका करते, पलंगाखालून नेते, अर्ध्यावर सोडून देते आणि गाडी फरशीवर कोसळताना बघते. ते कोसळणे हाही धड्याचा भाग आहे. सांधा असेल तर फारच उत्तम. सांधा म्हणजे जिथे एका रुळाचे दोन होतात तो तुकडा. आमच्या बोलीत त्याला कांटा म्हणतात, तो बदलणारा कांटेवाला, मराठीतला सांधेवाला. एकच गाडी, दोन वाटा, आणि कुठली वाट द्यायची हे पोराच्या बोटात. चार वर्षांच्या मुलाच्या हाती एवढा अधिकार एरवी कोण देतो?

भाषेची शिक्षिका म्हणून आणखी एक सांगते. वर्गात उर्दू बोलणारी मुले मराठीच्या तासाला गप्प बसतात, कारण वाक्य चुकेल ही भीती. रुळांचे खोके मध्ये ठेवले की भीती जाते. "तो वाकडा दे", "इथे जोड", "मागे घे, डबा घसरला". आज्ञार्थ, दिशा, मागे-पुढे, आत-बाहेर, सगळे व्याकरण जमिनीवर मांडलेले. पटरी आणि रूळ, डिब्बा आणि डबा एकाच खेळात शेजारी बसतात. एक पोर एकट्याने रूळ मांडते तेव्हा मुकाट्याने मांडते. दोघे मांडतात तेव्हा भांडतात आणि भांडायला शब्द लागतात. म्हणून घरात दोन मुले असतील तर दोन गाड्या घेऊ नका. एक गाडी आणि जास्तीचे रूळ घ्या.

दुकानात काय बघावे, तेही सांगते. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्र सरकारचा 2020 चा आदेश आहे आणि 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्या खेळण्याचे मानक आयएस 15644. खोक्यावर ते शोधा. दुकानदार "मॅडम, सगळा माल सारखाच" म्हणेल, म्हणू द्या. सेलचे झाकण पेचाने बंद होणारे हवे. बटणासारखे चपटे सेल असलेले खेळणे लहान भावंडांच्या घरात आणूच नका. गिळला गेला तर तो सेल अन्ननलिका जाळतो, तेही काही तासांत. लाकडी गाड्यांचे डबे चुंबकाने जोडले जातात. ते चुंबक आतच पक्के बसलेले हवेत. सुटून दोन पोटात गेले तर आतड्याला मधोमध चिमटतात. धूर सोडणारे इंजिन मिळते, त्यात तेल घालावे लागते, ते लहानांसाठी नकोच. आणि दुकानातच दोन रूळ पोराच्या हातात द्या. त्याला स्वतः जोडता आणि सोडवता आले तर पैसे काढा. नाही आले तर ती गाडी पुन्हा बापाचीच होणार.

घरची जमीनही बघा. फरशीवर कुठलाही रूळ बसतो. सारवलेली किंवा उंचसखल कोब्याची जमीन असेल तर पातळ प्लास्टिकचे रूळ सांध्यात उचकटतात, तिथे लाकडी रूळ किंवा खाली पुठ्ठा बरा. सेल वारंवार भरता येणारे घ्या. साधा सेल दीड व्होल्टचा, हा सव्वाच्याही जरा खाली, म्हणून गाडी थोडी हळू धावते. हळू धावलेली बरी, वळणावर पडत नाही.

आता जिथून हा विषय मला खरा लागतो, तिथे येते. आपल्या शहरातल्या लहान मुलांनी आगगाडी पाहिलेली नसते. पुस्तकात असते, चित्रात ती काढतात, पण शिट्टी ऐकून धावत जायला गाडीच नाही. रेल्वेने कुठे जायचे तर आधी बसने धामणगाव किंवा वर्धा गाठायचे. माझ्या पिढीचे तसे नव्हते. आम्हाला शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, वाटेत दारव्हा आणि कारंजा, अडीच फूट रुंदीचा रूळ. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने घातलेला. मँचेस्टरमध्येच 1921 साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 च्या एप्रिलपर्यंत धावले, मग डिझेल आले, आणि गेल्या दशकात तीही गाडी थांबली. शेवटच्या काळात मोजकीच माणसे सगळी कामे करायची. तिकीट तीच विकायची, सिग्नल तीच बघायची, इंजिन तीच सोडवायची. आज मला ते पोरांच्या रेल्वेसारखे वाटते. तिथेही एकच जण ड्रायव्हर, गार्ड आणि तिकीटबाबू असतो.

गंमत म्हणजे शकुंतलाचा रूळ 762 मिलिमीटरचा. एचओच्या हिशोबाने 87 ने भागला तर पावणेनऊ येतात आणि जगात 9 मिलिमीटरचे छोटे रूळ तयार मिळतात. उलट आपल्या मोठ्या गाड्यांचा 1676 मिलिमीटरचा रूळ भागला तर सव्वाएकोणीस येतात, तो साडेसोळाच्या तयार रुळात बसत नाही. म्हणजे हुबेहूब मॉडेल करायचेच तर राजधानीपेक्षा आपली शकुंतला सोपी. यवतमाळच्या एखाद्या आठवी-नववीतल्या मुलाने किंवा मुलीने हे मनावर घ्यावे, ही माझी उघड इच्छा आहे. रुळांत वीज सोडायचे वय ते. पाच वर्षांचे नव्हे.

या छंदाचे टोक बघायचे असेल तर पुण्याला जावे. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, 1998 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेले. अख्खे शहर मांडले आहे, सिग्नल आहेत, सर्कससुद्धा आहे. मुलांना जरूर दाखवा. पण ते एका माणसाच्या आयुष्यभराच्या हातांचे काम आहे आणि मुलांनी त्याला हात लावायचा नसतो. घरी नेमका हात लावायचा असतो. काही पालक तिथून परततात ते तसलाच संच विकत घ्यायचा ठरवून. त्यापेक्षा परतीच्या वाटेवर मुलाला एवढेच विचारावे, तुझ्या गावाला स्टेशन कुठे ठेवशील?

आणि मुलीचे काय? ईदच्या बाजारात मी दरवर्षी बघते. भावाला गाडी, बहिणीला भातुकली. भातुकलीवर माझा राग नाही, मीही खेळले. पण दोन तासांनी ती बहीण रुळाशी येऊन बसते आणि "ये लडकों का है" म्हणून उठवली जाते. साताऱ्याच्या सुरेखा यादव 1980 च्या दशकाच्या शेवटी रेल्वेत लागल्या आणि 2023 च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत चालवत घेऊन आल्या. घाट चढून-उतरून. लडकों का काय आहे त्यात? गाडी आणताना दोघांची नावे घेऊन आणा. खोक्यावर दोघांची नावे लिहा. वाटणी आपोआप होत नाही.

काही घरांतून दुसराच आक्षेप येतो. खेळण्यावर हजार रुपये म्हणजे इसराफ, उधळपट्टी. तेवढ्यात शिकवणीची फी निघेल. ज्यांच्याकडे खरोखर नाहीत त्यांना मी काहीच म्हणत नाही. काड्यापेट्यांचे डबे दोऱ्याने जोडून आम्हीही गाड्या ओढल्या आहेत आणि त्या आजही चालतात. पण ज्यांच्याकडे आहेत, जे ईदच्या कपड्यांवर तेवढेच सहज खर्च करतात, त्यांना अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस आठवून देते. हजरत आयेशा यांच्या खेळण्यांत कापडी पंखांचा एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, या प्रश्नावर त्यांनी हजरत सुलेमान यांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला आणि रसूलल्लाह हसले. खेळण्याचा घोडा आणि त्यामागची कल्पना, दोन्हींना त्या घरात जागा होती. आपल्या घरात एका इंजिनाला नसावी?

इथे एक बातमीही जोडते. 28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा ते कळंब हा रुंद रुळाचा टप्पा सुरू झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा तो पहिला भाग. कळंब आपल्याच जिल्ह्यातले. गाडी यवतमाळला पोचेल तेव्हा आज चार वर्षांची असलेली मुले तिला बघायला स्टेशनवर जातील. सांधा काय असतो हे त्यांना तोवर हाताने माहीत असावे, असे मला वाटते.

ईदी साठवून घ्यायची असेल तर यंदा इंजिन, दोन डबे आणि एक गोल एवढेच घ्या. पुढच्या ईदला दुसरी गाडी नको, एक सांधा आणि चार सरळ तुकडे घ्या. त्यापुढच्या ईदला पूल. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच विचारा, याचे सुटे रूळ वेगळे मिळतात का? नाही म्हणाला तर पुढचे दुकान बघा.