तेराव्यानंतरची यादी

घरातला माणूस गेला की तेराव्याच्या आगेमागे जवळचं कुणीतरी, अगदी मायेपोटी, एक यादी करून देतं. बँक, विमा, पेन्शन, सातबारा, घरपट्टी, लाइटचं मीटर, गॅस, मोबाइल, रेशनकार्ड, गाडीचं आरसी बुक. माझं आग्रहाचं सांगणं आहे, ती यादी मागे राहिलेल्या बाईच्या हातात देऊ नका. स्वतःच्या खिशात ठेवा आणि तिला एका वेळी एकच काम सांगा.

माझी नोकरी बँकेतली. मृत खातेदारांचे क्लेम बरीच वर्षं माझ्या टेबलावर यायचे. मृत्यूचा दाखला मागितला की समोरची बाई आख्खी पिशवी टेबलावर उपडी करायची. त्यात पॉलिसी, एफडीच्या पावत्या, रेशनकार्ड, नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा. आयुष्यभर मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सह्या केलेल्या शिक्षिकेचा हात स्वतःच्या सहीपाशी अडलेला मी पाहिला आहे. सही जुळली नाही की फॉर्म परत जातो. ती बाई मग महिनोन्‌महिने फिरकत नाही. खातं दहा वर्षं तसंच पडून राहिलं, की पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होतात. ते बुडत नाहीत, मागता येतात. २०२३ पासून शोधायला ‘उद्गम’ पोर्टलही आहे. पण ज्या घराला तेव्हा पैशांची निकड होती, त्याला ते तेव्हा मिळाले नाहीत.

खरं तर त्या लांबलचक यादीत घाईची कामं मोजकीच असतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर ती खबर दवाखानाच देतो. घरी झाला तर घरच्यांनी द्यायची. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच काढून घ्या.

मग पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी बोट ठेवून वाचा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर तो पंतप्रधान जीवनज्योती विम्याचा हप्ता. मागे दोन लाखांचं संरक्षण असतं आणि क्लेम शक्यतो महिनाभरात करायचा असतो. २० रुपये दिसले तर तो अपघात विमा. हा विमा आहे हे घरात कुणालाच ठाऊक नसतं, असं मी कितीदा तरी पाहिलं. तिसरं काम कुटुंब निवृत्तिवेतनाचं, कारण घर त्यावर चालणार असतं.

सातबाऱ्यावर वारस लावायला कायद्यानंच तीन महिने दिले आहेत. मीटर आणि गॅस तर खुशाल थांबू द्या. बिल भरलं जातंय ना, मग ते काही महिने गेलेल्या माणसाच्या नावानं आलं तरी बिघडत नाही.

बाहेरगावच्या मुलामुलींचं मला वाईट वाटतं. दोन दिवसांची रजा मिळते, म्हणून ते आईला एका दिवसात चार कचेऱ्यांतून फिरवतात. त्यांची अडचण खरी आहे, तरी हे करू नये. सकाळी एक काम करावं, पोच घ्यावी आणि जेवायला घरी यावं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी एका आठवड्यात फक्त पासबुक शोधलं, पुढच्या आठवड्यात झेरॉक्स काढल्या. त्यानंतर त्या बँकेत एकट्या गेल्या. मुलगा सोबत यायला तयार असताना ‘तू बस, मी जाऊन येते’ म्हणाल्या. पोच हातात पडली की पुढचं काम बाई स्वतः विचारते, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे.

बँकेतल्या माझ्या सहकाऱ्यांनाही विनंती आहे. खात्याला नॉमिनी असेल तर क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख एवढ्यावर काम होतं. त्या बाईला वारस दाखल्यासाठी कोर्टात पाठवू नका. कागद पूर्ण असतील तर पंधरा दिवसांत पैसे द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो पाळा.

आणि नगरपालिका, ग्रामपंचायतींनी मृत्यूच्या दाखल्याला एक साधा कागद टाचून द्यावा. मोठ्या अक्षरात, मराठीत, या महिन्यात करायची तीनच कामं आणि त्यासाठी कुठे जायचं ते. बाकीची कामं कागदाच्या मागच्या बाजूला, ‘सवडीनं’ असं लिहून. छपाईचा खर्च किरकोळ आहे आणि त्यासाठी कुठला नवा कायदाही लागत नाही.