विसरणारा खोटं बोलत नाही

परवा नातू सुट्टीत जालन्याला आला होता. त्याने मला 'मेमेंटो' हा इंग्रजी चित्रपट दाखवला. क्रिस्टोफर नोलनचा, २००० सालचा. नायक लेनर्ड याच्या डोक्याला मार बसल्यापासून नवी आठवण टिकत नाही. गोष्टही तशीच तुटक सांगितली आहे. रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात, कृष्णधवल प्रसंग सरळ क्रमाने. चित्रपट संपल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, ज्याची स्मृतीच गेली, त्याच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

मंडळी, बहुतेक जण हेच म्हणतात. मला मात्र हे साफ अमान्य आहे.

चित्रपट नीट बघा. लॉजचा कारकून लेनर्डला एकाऐवजी दोन खोल्यांचं भाडं लावतो. त्याची स्मृती ठणठणीत आहे. नॅटली घरातली पेनं लपवते, त्याला डिवचते आणि तो सगळं विसरेपर्यंत बाहेर गाडीत वाट बघत बसते. तिचीही स्मृती ठणठणीत. आणि खुद्द लेनर्ड? टेडीच्या गाडीचा नंबर तो खुन्याचा पुरावा म्हणून लिहून ठेवतो, तेव्हा त्याला सगळं आठवत असतं. पुढे आपण हे विसरणार, हेही ठाऊक असतं. म्हणजे खोटं त्याने विसरल्यावर लिहिलं नाही, आठवत असताना लिहिलं! मग दोष विस्मरणाच्या माथी का?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३). मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. माहुताच्या बायकोला, म्हणजे अमृता सुभाषच्या चन्नम्माला, ते 'आई' म्हणतात. वस्तुस्थिती म्हणून हे चूकच. पण आईपाशी जे मागायचं ते त्यांनी तिच्यापाशी मागितलं आणि त्यांना ते मिळालं. याला खोटं म्हणाल?

आता घरातलं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

माझी आक्का पंच्याऐंशीच्या पुढची आहे. तिच्या डोक्यात दिवसांचा क्रम राहिलेला नाही. मला ती कधी भाऊ म्हणते, कधी मामा. संध्याकाळ झाली की विचारते, "गाडी जुंपली का रे? आबा आले का?" दोन वर्षांपूर्वी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सगळे जमले होते. मी नेहमीप्रमाणे मुलांना सांगत होतो, १९४८ साली रजाकारांची एवढी दहशत, पण आपले आबा गाव सोडून हलले नाहीत. तोच आक्का कोपऱ्यातून म्हणाली, "हलले की. रात्री गाडीत घालून आपल्याला देऊळगावराजाला नेलं. मी रडत होते म्हणून माझ्या तोंडावर हात धरला."

सगळे हसले. "आक्काचं आता असंच," असं कोणीतरी म्हणालं. मीही हसलो.

खरं तर हे मला आईने कधीच सांगितलं होतं. निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात गेलेली कितीतरी कुटुंबं होती. लेकरं वाचवायला गेलं तर त्यात कमीपणा कसला? पण वर्गात अनेक वर्षं सांगितलेली शूर आबांची गोष्ट मला मोडवेना. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. जी त्या गाडीत होती ती ठरली भ्रमिष्ट, आणि मी विश्वासू निवेदक!

कोणी म्हणेल, मास्तर, भावनेच्या भरात जाऊ नका, रुग्ण बोलतो ते सगळं खरं नसतं. कबूल. आबा आता येणार नाहीत, गाडीही जुंपायची नाही. पडताळा जरूर घ्या. पण पडताळा दोघांचाही घ्या. विसरणाऱ्याची चूक होते, फसवण्याचा हेतू नसतो. आठवणाऱ्याला मात्र हवं ते ठेवता येतं आणि नको ते गाळता येतं. तेव्हा अशी गोष्ट वाचताना, पाहताना आधी एवढंच विचारा, हा माणूस विसरला म्हणून कोणाची सोय झाली?

आक्का विसरली म्हणून माझी झाली होती.

असो. नातवाला देऊळगावराजाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग तुम्ही त्या दिवशी का हसलात?" त्याला उत्तर देता आलं नाही.