ओल्या वाटेवरची सायकल

आषाढ पौर्णिमेपासून विहारात वर्षावास सुरू झाला. संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. आयाबाया, म्हातारी माणसे वेळेवर येतात. पोरे मात्र रविवारी पहाटेच सायकली काढून पसार! नौपाड्यातून वर्तकनगर, तिथून उपवन आणि मग येऊरचा चढ. जाऊ देत. पत्ते कुटण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

पण गेल्या पावसात माझा भाचा चिखलाने माखून आला आणि हसत म्हणाला, “मामा, शेताच्या बांधावर सायकल घातली, तर बांधच ढासळला!”

“शेत कोणाचे?”

“कोण जाणे. एक बाई होती. काही बोलली नाही. हाताने चिखल लावत बसली.”

माझी आजी दुसऱ्याच्या शेतात लावणीला जायची. बांध फुटला की खाचरातले पाणी निघून जाते आणि नुकतेच लावलेले रोप उघडे पडते. हे पोराला आम्हीच कधी सांगितले नव्हते.

वर्षावास का सुरू झाला, ते विनयपिटकाच्या महावग्गात आहे. भिक्खू भर पावसातही चारिका करीत. हिरवे गवत तुडवले जाते, बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार आली. तथागतांनी ती ऐकली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. येऊर ज्या राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, त्याच जंगलात पलीकडे कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. नुसत्या पायांनी एवढे होते, तर दातेरी टायरने किती होईल?

वाट ओळखायची रीत सोपी आहे. उतरून टाच मातीत दाबावी. खळग्यात पाणी चढले किंवा टायरला माती थापून चाक अडू लागले, तर त्या दिवशी डांबरी रस्त्यानेच परतावे. मुरमाची वाट पाऊस उघडल्यावर लवकर निथळते, चिकणमाती नाही. ओल्या मातीत चाकाने पाडलेला चर पुढच्या सरीत ओहोळ होतो, आणि त्यातूनच पाड्यावरची पोरे शाळेत जातात. डबके लागले तर कडेने वाट रुंद करू नये. उतरून मधूनच सायकल न्यावी. शेवाळलेल्या दगडावर ब्रेक दाबू नये. रबरी ब्रेक भिजले की उशिरा लागतात, म्हणून उताराआधी दोन-तीनदा हलके दाबून रिम पुसून घ्यावी. ओढ्याचे पाणी गढूळ होऊन चढू लागले, तर अलीकडूनच माघारी फिरावे. वनखात्याने बंद केलेल्या वाटेला जाऊच नये; बिबट्याचे रान आहे.

डोक्यावर मोळी घेतलेली बाई दिसली की खाली उतरून बाजूला उभे राहावे. तिला मान वळवता येत नाही. घंटी लांबून वाजवावी, कानाशी नव्हे.

पुढच्या रविवारी भाच्याला घेऊन मी त्या पाड्यावर गेलो. सोबत घमेले-फावडे नेले होते. बांध तिने केव्हाच नीट केला होता. भाचा मान खाली घालून उभा राहिला. तिने आम्हाला कोरा चहा दिला, आणि घमेले पाहून म्हणाली, “आणलंच आहे तर त्या पलीकडच्या बांधाला माती घाला.”

दुपारपर्यंत घातली.