जुन्या नौकेला मोडीत काढणारे धोरण

२७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईच्या माझगाव गोदीत खोल समुद्रातील मासेमारीसाठी बांधलेल्या नव्या नौका केंद्रीय सहकारमंत्र्यांच्या हस्ते मच्छीमार सहकारी संस्थांच्या स्वाधीन करण्यात आल्या. एका नौकेची किंमत १ कोटी २० लाख रुपये. महाराष्ट्रासाठी प्रारंभी अशा १४ नौकांची योजना आहे. संस्थेच्या मालकीची नौका ही कल्पना समाजवाद्यांना परकी नाही. तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु २०१० च्या राष्ट्रीय सागरी मत्स्यगणनेत एकट्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे १३ हजार यांत्रिक नौका नोंदल्या गेल्या होत्या. चौदा नौकांचा समारंभ झाला. या हजारो जुन्या नौकांच्या, त्यांवर पोट भरणाऱ्या नाखव्यांच्या, तांडेलांच्या आणि खलाशांच्या वाट्याला काय आले, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर समारंभात मिळत नाही. ते योजनेच्या कलमांत शोधावे लागते.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खोल समुद्रातील नौकेसाठी खर्चाची मर्यादा १ कोटी २० लाख रुपये धरली आहे. त्यात शासनाचे साहाय्य सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमाती यांना ६० टक्के. म्हणजे सर्वसाधारण मच्छीमाराने ७२ लाख रुपये उभे करावयाचे. कोळीवाड्यातील दोन खोल्यांच्या घरावर, जिची जमीन पुष्कळदा त्याच्या नावे नसते, कोणती बँक ७२ लाखांचे कर्ज देणार? याच योजनेत अस्तित्वात असलेल्या नौकांच्या सुधारणेचेही एक कलम आहे. त्यात खर्चाची मर्यादा १५ लाख रुपये. परंतु या कलमाचे नावच मुळी ‘निर्यातक्षमतेसाठी’ विद्यमान नौकांचे अद्ययावतीकरण असे आहे. फळी कुजली, इंजिन थकले, खलाशाच्या जिवाला धोका निर्माण झाला, ही कारणे त्या नावात बसत नाहीत. परदेशी ग्राहकाच्या ताटात जाणारा मासा नीट राहावा, हे कारण बसते. जुन्या होडीच्या बदल्यात नवी होडी व जाळे देण्याचेही कलम आहे, पण ते किनाऱ्यालगतच्या लहान होडीपुरते. मधला सारा थर, म्हणजे पंधरा-वीस वर्षे दूरच्या पाण्यात जाऊन आलेली लाकडी यांत्रिक नौका, धोरणाच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नाही.

वस्तुतः हीच नौका दुरुस्त करून, नव्याने साज चढवून आणखी कित्येक वर्षे काम देऊ शकते. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस जवळ आले की नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. त्या वेळी जाणता सुतार हातोडीने फळी ठोकून तिच्या आवाजावरून आतले लाकूड निरोगी आहे की किड्याने पोखरले आहे, हे सांगतो. कुजलेल्या तेवढ्याच फळ्या काढावयाच्या, खिळे बदलावयाचे, सांध्यांत कापूस ठासून वर लेप द्यावयाचा. पाठीचा कणा असलेले तळाचे मुख्य लाकूड आणि वांक शाबूत असतील, तर नौका मरत नाही. त्यावर इंजिनाची फेरजुळणी, जाळे ओढण्याचे यंत्र, बर्फ टिकवून धरणारा माशांचा कप्पा, बिनतारी संचयंत्र, जीवरक्षक साहित्य एवढे मिळाले, की तीच नौका अधिक दिवस समुद्रात राहू शकते आणि माल कमी नासतो. हे काम करणारे हात किनाऱ्यावरच आहेत. त्याचा पैसा दूरच्या कारखान्याकडे न जाता सुतार, लोहार, यंत्रकारागीर आणि जाळी विणणारे यांच्या घरांत जातो. एका नव्या नौकेच्या किमतीत, योजनेच्याच आकड्यांनी, आठ जुन्या नौका सुधारता येतात. हे गणित मंत्रालयाला येत नाही असे नव्हे; ते त्याला सोयीचे नाही.

आज ज्या यांत्रिकीकरणाचा राज्यकर्ते अभिमान मिरवितात, त्याचा आरंभच महाराष्ट्रात जुन्या नौकांच्या फेरसाजाने झाला, हे येथे स्मरणात ठेवले पाहिजे. सातपाटी आणि वर्सोवा येथील शिडाच्या नौका मुळातच इतक्या सुबक घडणीच्या होत्या, की त्यांच्या मागील भागात फेरफार करून इंजिन व पंखा बसविणे शक्य झाले. शीड आणि परबाण टप्प्याटप्प्याने मागे पडले, पण नौका कोळ्याचीच राहिली. घडण त्याच्याच सुताराची, तांडेलही त्याच्याच वाडीतला. सहकारी संस्थांनी या बदलाला आधार दिला. दुसऱ्या बाजूला केरळात १९५२ च्या कराराने भारत-नॉर्वे प्रकल्प आला. तेथील ओंडका कोरून केलेल्या होड्यांत इंजिन बसविणे अवघड होते, म्हणून नव्या नौका बांधाव्या लागल्या. पुढे कोळंबीच्या निर्यातीत पैसा दिसू लागताच या नव्या नौकांच्या व्यवसायात मासेमारीशी पिढीजात संबंध नसलेले भांडवल घुसले आणि पारंपरिक मच्छीमार आपल्याच पाण्यात उपरा झाला. यंत्र दोन्हीकडे आले. फरक पडला तो यंत्र कोणाच्या नौकेवर बसले, यामुळे.

यापुढची पायरी विशाखापट्टणमने दाखवून दिली. १९८० च्या दशकात तेथे खोल समुद्रातील कोळंबीसाठी शंभरावर मोठे ट्रॉलर सवलतीच्या कर्जावर आणले गेले. एकाच मालावर आणि एकाच परदेशी बाजारावर उभा केलेला हा ताफा १९९० च्या सुमारास कर्जात बुडाला. जहाजे धक्क्याला बांधून पडली. त्याच सुमारास, १९९१ साली, केंद्राने परदेशी कंपन्यांशी भागीदारी करून खोल समुद्र खुला करण्याचे नवे धोरण जाहीर केले. फादर थॉमस कोचेरी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय मच्छीमार संघटनेने त्याविरुद्ध लढा पुकारला. १९९४ साली देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर मासेमारी बंद राहिली. अखेर मुरारी समिती नेमावी लागली, आणि १९९६ च्या तिच्या अहवालाने परदेशी भागीदारीचे परवाने रद्द करण्याची शिफारस केली. त्याच अहवालाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. पारंपरिक आणि लहान यांत्रिक नौकांच्या तंत्राची व साधनांची सुधारणा करण्यासाठी अर्थसाहाय्य द्यावे, म्हणजे खोल समुद्रात त्यांनाच जाता येईल, असेही त्यात म्हटले होते. परवान्यांचे भांडण मच्छीमारांनी जिंकले. साधनांची शिफारस मात्र दप्तरात राहिली. आजची नवी योजना ती शिफारस पुरी करीत नाही. तिला वळसा घालून जाते.

शासन दुरुस्तीला पैसा देत नाही म्हणून दुरुस्ती थांबते असे नाही. ती होतेच, परंतु दलालाच्या पैशावर. मोसम सुरू होण्यापूर्वी नाखव्याला इंजिनासाठी, जाळ्यासाठी, बर्फासाठी रोख रक्कम लागते. ती दलाल देतो आणि मोबदल्यात येणाऱ्या मालावर पहिला हक्क सांगतो. पापलेट आणि सुरमई किनाऱ्याला लागण्यापूर्वीच त्यांचा भाव ठरलेला असतो, आणि तो पकडणाऱ्याने ठरविलेला नसतो. ज्या कोळीण भगिनी टोपली डोक्यावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या बाजार सांभाळीत आल्या, त्यांच्या हातून माल निसटतो तो येथेच. मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड लागू झाले, एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जाही दिला. पण हंगामी खर्चाचे कर्ज वेगळे आणि नौकेच्या देहात घालावयाचे भांडवल वेगळे. शेतीचा दर्जा खरा असेल, तर विहिरीचे काम जसे जमिनीतील गुंतवणूक मानले जाते, तसे नौकेच्या फळीचे काम समुद्रातील गुंतवणूक मानले गेले पाहिजे.

यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. जुनी नौका म्हणजे खलाशांचा मृत्यू, असे सांगितले जाते. २०१७ च्या ओखी वादळात शेकडो मच्छीमार परतले नाहीत, हे खरे. त्याच वादळात केरळ व तामिळनाडूच्या ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या, हेही खरे. तेथे मुख्य उणीव होती ती दूरवर गेलेल्या नौकांपर्यंत इशारा पोहोचविणाऱ्या साधनांची. केवळ नौकेच्या वयाची नव्हे. जी नौका तपासणीत नापास होईल ती जरूर मोडावी. पण तपासणीच न करता साऱ्या जुन्या नौका नापास ठरविणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की किनाऱ्यावर नौका आधीच फार झाल्या आहेत. मग दुरुस्तीने नौकांची संख्या वाढत नाही, नवी नौका दिल्याने वाढते, हे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे. उलट फेरसाज ही जाळे बदलण्याचीही संधी आहे. तळ खरवडणारा ट्रॉल ओढावयास जे डिझेल जळते त्याच्या मानाने तरंगते जाळे किंवा लांब दोरीचे गळ यांना कमी लागते, आणि पिल्लांचा संहारही कमी होतो. २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ पासून आहे. नुसत्या बंदीने कर्जबाजारी मनुष्य चोरून तेच करतो. त्याला दुसरा साज घेण्यास पैसा दिला, तर बंदीला अर्थ येतो.

तिसरा आक्षेप लाकडाचा. साग महाग झाला, सुतार उरले नाहीत, हे कोणी नाकारीत नाही. पण कारागीर नाहीसे होण्याचे कारण त्यांना काम न देणारे धोरण हेच आहे. परिणामाला कारण म्हणून पुढे करणे ही राज्यकर्त्यांची जुनी युक्ती होय. जेथे लाकूड परवडत नाही तेथे फायबरचे आवरण देता येते, आणि ते काम किनाऱ्यावरचे कारागीर आजही करीत आहेत.

या सर्वांमागील खरा हेतू पालघरने उघड केला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी तेथील समारंभात पंतप्रधानांनी देशातील १ लाख मासेमारी नौकांवर संपर्कयंत्रे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. तिचा खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. त्याच मांडवात सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या बंदराला डहाणू-पालघरचे मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करीत आले आहेत, कारण ते त्यांच्या मासेमारीच्या जागेवर उभे राहत आहे. संपर्कयंत्र जीव वाचवील. ते हवेच आहे. पण ज्या सातपाटीने जुन्या मचव्यावर इंजिन बसवून महाराष्ट्राला यांत्रिक मासेमारी शिकविली, त्याच जिल्ह्यात नौकेला यंत्र द्यावयाचे आणि तिचे पाणी काढून घ्यावयाचे, याला मत्स्यसंपदेचे धोरण म्हणता येत नाही. किनाऱ्यालगतचे पाणी बंदराला आणि दूरचे पाणी कोट्यवधींच्या नौकेला, अशी ही वाटणी आहे. मधल्या नौकेचा कोळी तीत कोठेच नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. विद्यमान नौकांच्या दुरुस्ती व फेरसाजासाठी निर्यातीच्या अटीविना स्वतंत्र तरतूद हवी. ती मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत, मासेमारीबंदीच्या महिन्यांत, मोसमापूर्वी हातात पडेल अशी हवी. प्रत्येक मोठ्या बंदरावर संस्थेच्या मालकीची नौका ओढण्याची जागा आणि कार्यशाळा हवी. ट्रॉल सोडून निवडक मासेमारीकडे वळणाऱ्यास अधिक साहाय्य हवे. आणि एक अट शासनाने नव्हे तर चळवळीने घातली पाहिजे: ज्या नौकेवर सार्वजनिक पैसा खर्च होईल तिच्यावरील खलाशांची नोंद, विमा आणि वेतनाचा लेखी करार बंधनकारक असावा. रत्नागिरीच्या नौकांवर राबणारा नेपाळी खलाशी हाही कष्टकरीच आहे. नाखव्याच्या कर्जमुक्तीची किंमत त्याने मोजावयाची नाही.

हा प्रश्न केवळ कोळी समाजाचा मानून किनाऱ्यावरच सोडून देण्याची चूक पक्षाच्या कार्यकर्त्यांनी करू नये. उत्पादनाचे साधन श्रमणाऱ्याच्या हातात राहते की नाही, हाच येथेही मूळ प्रश्न आहे. ते साधन जुने आहे, त्याच्या फळ्या गळत आहेत, पण ते त्याचे स्वतःचे आहे. पुढील मासेमारीबंदीत नौका शाकारल्या जातील तेव्हा प्रत्येक किनारी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी सहकारी संस्थांच्या साहाय्याने आपल्या बंदरातील नौकांची मोजदाद करावी: किती दुरुस्त होण्याजोग्या, किती मोडण्याजोग्या, प्रत्येकीस काय लागेल, आणि ते आज कोण कोणत्या अटीवर देतो. ती यादी हाती असेल, तर शासनाला चौदा नौकांचे छायाचित्र दाखवून सुटका करून घेता येणार नाही.